फ्रीज उघडा आहे

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी दीपमालाचा फोन आला आणि सगळं बदललं. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. शंभूचं आयुष्य मार्गी कधी लागलं असं पुढे कुणी विचारलंच, तर सांगता यावं.

दोन वर्षांत तिचा फोन नव्हता. दिवाळीला मेसेज यायचा, तोही सगळ्यांना पाठवलेला. आज थेट फोन. मी खडकी स्टेशनबाहेर वडापाव खात होतो. तो तसाच हातात धरून बोललो, चटणी शर्टावर.

"शंभू, तू ते सेन्सर-बिन्सर करतोस ना अजून? तुझे स्टेटस बघते मी."

स्टेटस बघते! हे मनात तीनदा म्हणून झालं.

काम असं आहे. तिची आई दिवसभर घरी एकटी. दीपमाला सकाळी आठला खराडीच्या ऑफिसला निघते, ती रात्री आठला परत. वडील नाहीत. गेल्या महिन्यात काकू दोनदा गॅसवर दूध ठेवून विसरल्या, दुसऱ्या वेळी पातेलं जळून ओटा काळा झाला. शुगर आहे, सकाळचं इन्सुलिन कधी घेतात, कधी राहून जातं. दिवसभराची बाई ठेवू म्हटलं तर म्हणतात मला राखणदार नको. कॅमेरे लावू म्हटलं तर म्हणतात, अंघोळीहून येताना मला बघणार कोण? म्हणून कॅमेरा नसलेलं काहीतरी हवंय.

"होऊन जाईल," मी म्हटलं.

"नक्की ना? अर्ध्यात सोडणार नाहीस ना?"

हे लागलं. पण तिचं चूक नाही. इंजिनिअरिंग मी तिसऱ्या वर्षाला अर्ध्यातच सोडलं. एचओडीनं वर्गासमोर माझी जर्नल्स खिडकीतून फेकली, मी त्याच्या टेबलावरची फाइल त्याच खिडकीतून फेकली आणि कॉलेजबाहेर पडलो. कर्वेनगरच्या त्या गेटपर्यंत माझ्यामागे धावत आलेली एकटी दीपमाला होती. "माफी माग आणि विषय संपव," म्हणाली. मी मागितली नाही. तेव्हापासून जे काही केलं ते एक दिवस तिला दाखवायला म्हणूनच केलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून सगळं सामान आणलं. घरी टेस्टिंग चालू आहे. म्हणजे बाबा ड्यूटीला निघेपर्यंत चालू असतं. बाबा अॅम्युनिशन फॅक्टरीत तीस वर्षं आहेत आणि एक सवय अंगात मुरली आहे: घराबाहेर पडताना मेन स्विच खाली. मग क्वार्टरमधला पंखाही बंद, माझा सर्व्हरही बंद.

"बाबा, मी घरात होतो!"

"झोपला होता तू. झोपलेला मानूस कोन्या कामाचा?"

वर्धा सोडून तीस वर्षं झाली, बोलणं तिथलंच राहिलं. आईनं त्यांच्यामागून मेन वर केला आणि डोळ्यांनीच मला गप्प बस म्हणाली.

९ फेब्रुवारी, रविवार

बसवलं. सदाशिव पेठ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ड्रिल मशीन घेऊन दोनदा वरखाली झालं.

गॅसच्या वर एक सेन्सर, गॅस सुटला की बोंबलतो. मुख्य दाराला आणि फ्रीजच्या दाराला चुंबकाची पट्टी, उघड-बंद कळतं. हॉलमध्ये हालचाल टिपणारा डोळा, तो चित्र काढत नाही, फक्त माणूस हलला एवढंच सांगतो. हे सगळं टीव्हीमागच्या डबीला कळतं, डबी फोनवर निरोप पाठवते. दार उघडलं वा बंद झालं की निरोप. नऊ वाजेपर्यंत फ्रीज उघडला नाही, म्हणजे इन्सुलिन घेतलं नाही, की निरोप. दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ उघडा राहिला की 'फ्रीज उघडा आहे'. दोन तास हॉलमध्ये हालचाल नसली की निरोप, पण दुपारी एक ते चार काकू झोपतात म्हणून तेव्हा तो बंद. निरोप दोन फोनवर जातात: तिच्या आणि माझ्या. आम्हा दोघांच्या फोनवर एकाच क्षणी एकच आवाज होणार.

दीपमाला स्टुलावर उभी राहून पट्टी धरत होती, मी स्क्रू पिळत होतो. यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

काकूंना सगळं समजून घ्यायचं होतं. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, बाहेरगावचे कॉल हातानं जोडायच्या त्या काळापासून. डबीकडे बघून म्हणाल्या, "माझं बोर्ड भिंतीएवढं होतं. पण काम हेच. एकीकडे खटका पडतो, दुसरीकडे वाजतं."

"बरोब्बर, काकू."

"म्हणजे मी फ्रीज उघडा ठेवला की हिला खराडीत कळणार?"

"दोन मिनिटांनी."

"आणि मग ही काय करणार?"

"काय करणार म्हणजे? फोन करून तुला सांगणार, फ्रीज लाव म्हणून," दीपमाला म्हणाली. "पण आई, तू उगाच फोन करत जाऊ नकोस हं ऑफिसात. मीटिंगमध्ये असते मी. दहादा सांगितलंय."

"नाही करत," काकू म्हणाल्या आणि फ्रीजकडे बघत राहिल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज काही लिहिणार नाही. गुलाब घेतला होता. आईनं देवाला वाहिला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सिस्टीमनं पहिलं खरं काम केलं! सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी 'फ्रीज उघडा आहे'. दीपमालानं लगेच घरी फोन केला आणि मग मला मेसेज: "वर्क्स! आई विसरली होती. चार मिनिटं बोलले, बंद करायला लावला. थँक्स शंभू." आणि एक हसरा चेहरा. हा सगळ्यांना पाठवलेला नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काहीतरी बिघडलंय. गुरुवारनंतर शुक्रवारी एकदा, काल दोनदा, आज सकाळी पुन्हा. नेहमी अकराच्या आसपास, मग तीन-चारच्या सुमाराला. आज दीपमालानं मला सांगितलं, "मी फोन करून थकले, तू जाऊन बघ."

खडकीहून गाडी मारत गेलो. बेल वाजवायच्या आत दार उघडलं. ओट्यावर दोन कप आधीच मांडलेले. काकूंचा अंदाज जबरदस्त आहे. फ्रीज तपासला, दाराचं रबर ठीक, पट्टी ठीक. मी असताना सेन्सर शहाण्यासारखा वागतो. तरी पट्टी बदलली.

काकूंनी चहा दिला आणि ट्रंक कॉलच्या गोष्टी सांगितल्या. कोल्हापूरच्या एका माणसाला रोज रात्री पुण्यातल्या बायकोशी तीन मिनिटं बोलायचं असायचं. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरनं तोडायचं असा नियम. "मी कधी साडेतीन करायचे," म्हणाल्या. मला उशीर होत होता, पण उठवेना.

"अजून एक कप?"

"नको काकू, फॉल्ट सापडला पाहिजे."

४ मार्च, मंगळवार

सापडला! आठ दिवसांचा लॉग काढला. डबीत प्रत्येक उघड-बंद वेळेसकट नोंदलेली असते. शनिवारी-रविवारी एकही खोटा अलर्ट नाही. एकही नाही! सोमवार ते शुक्रवार रोज. म्हणजे आठवडाभर चालतं आणि शनिवार-रविवार बंद असतं असं काहीतरी त्या इमारतीत आहे. खाली झेरॉक्सचं दुकान आहे. मोठं मशीन. वीज खेचतं, सेन्सर गोंधळतो.

थेट दुकानात गेलो. मालक चष्म्यावरून बघत राहिला.

"आमच्या मशीननं तिसऱ्या मजल्यावरचा फ्रीज उघडतो?"

"उघडत नाही. उघडला असं वाटतं."

"कुणाला वाटतं?"

"सेन्सरला."

"सेन्सरला वाटतं. बरं. मग दूध कोण पितं, तेही आमचंच मशीन का?"

रांगेतली मुलं हसली. माझं डोकं फिरलं. मी काउंटरवर हात आपटला, कागदांचा गठ्ठा खाली पडला. तो म्हणाला, "शनिवारी आमचं दुकान चालू असतं, साहेब. पाटी वाचा. वाचता येत असेल तर."

पाटीवर खरंच होतं: रविवारी बंद. म्हणजे शनिवारचा हिशोब लागत नाही. वर जाऊन पुन्हा पट्टी बदलली. तिसरी. काकूंनी शंकरपाळ्या केल्या होत्या.

११ मार्च, मंगळवार

आजचा दिवस पुसून टाकायच्या लायकीचा.

साडेअकराला दीपमालाचा फोन. तिच्या क्लायंटसमोर फोन तीनदा वाजला. "शंभू, तुला जमत नसेल तर स्पष्ट सांग. शुभंकर म्हणत होता तयार सिस्टीम मिळते, एका दिवसात बसवून देतात. तुझ्या या खेळण्यापायी माझं अप्रेझल जाईल."

"शुभंकर कोण?"

"टीममधला आहे. तो मुद्दा आहे का आत्ता?"

तोच मुद्दा होता. टिळक रोडवर टपरीशी गाडी लावली आणि तिथेच फोनवरून रूल बदलला. सकाळी नऊचं इन्सुलिनचं तेवढं ठेवलं. त्यानंतर फ्रीज कितीही वेळा उघडो, कितीही वेळ उघडा राहो, ती सेन्सरची चूक समजायची. लॉगमध्ये नोंद करायची, फोनवर काही पाठवायचं नाही. दहा मिनिटांचं काम. आधी का सुचलं नाही!

तिला मेसेज केला: "फिक्स केलं. आता एकही खोटा अलर्ट येणार नाही. शब्द."

जेवताना बाबांनी विचारलं, त्या बाईच्या घरचं काम झालं का. मी सांगितलं, कसं केलं तेही. बाबांचा घास हातातच राहिला.

"घंटी बंद केली?"

"खोटी वाजत होती."

"आमच्या सेक्शनमंदी खोटी वाजते नं, तरी जाऊन पाहा लागते. शंभर खेपा खोटी, तरी एकशे एकाव्या खेपेले जाचं. एकानं घंटीत कपडा कोंबला होता. त्याले दुसऱ्या दिवशी गेटातून आत नाही घेतलं."

"तिथे दारूगोळा आहे, बाबा. इथे फ्रीज आहे."

"तुले मालूम," म्हणाले आणि जेवू लागले.

बाबांना सॉफ्टवेअर काय कळतंय.

१८ मार्च, मंगळवार

आठवडाभर एकही खोटा अलर्ट नाही. दीपमालानं अंगठा पाठवला. 'शुभंकर'ची सिस्टीम बसली नाही ती नाहीच.

काकूंकडे मुद्दाम जाऊन आलो, गॅसचा सेन्सर बघायला. दार लगेच उघडलं नाही, आज त्यांना माझी चाहूल नव्हती. थकल्यासारख्या वाटल्या.

"फ्रीज बरा झाला का रे?"

"एकदम, काकू. आता दीपमालाला उगाच त्रास नाही."

"हो ना," म्हणाल्या. "बरं झालं. तिला फार काम असतं." मग म्हणाल्या, "काय केलंस नेमकं?"

"तुम्हाला टेक्निकल सांगू का?"

"नको, राहू दे."

चहा विचारायला विसरल्या. वय झालंय.

२४ मार्च, सोमवार

काकू पडल्या. खुब्याचं हाड मोडलंय.

सव्वाचारला दीपमालाचा फोन आला. भांडी घासायला येणारी सोनाली रोजच्यासारखी किल्लीनं दार उघडून आत गेली तेव्हा काकू स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या, शुद्धीवर. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. किती वेळ पडल्या होत्या विचारलं तर म्हणाल्या, "घड्याळ दिसत नव्हतं."

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा दीपमाला कॉरिडॉरमध्ये उभी होती. शेजारी चष्मेवाला एक जण, तिची पर्स त्याच्या हातात. शुभंकर असणार. तिनं मला बघितलं आणि सरळ विचारलं, "अलर्ट का नाही आला?"

मला खरंच माहीत नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, "नेट गेलं असेल."

"नेट गेलं," ती म्हणाली, शुभंकरला सांगितल्यासारखी. तो माझ्याकडे चांगल्या नजरेनं बघत होता, त्याचाच राग आला.

२५ मार्च, मंगळवार

लॉग उघडला. नेट गेलं नव्हतं.

हॉलमधली शेवटची हालचाल ११:३८. दोन तासांनी निरोप जायचा, तो १:३८ ला. पण एक ते चार मी बंद ठेवलेला.

११:४६ फ्रीज उघडला. ११:४९ बंद. मग उघडला, बंद, उघडला, बंद. आधी दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं. मग पाच, मग दहा मिनिटांनी. शेवटची नोंद २:३१, उघडला. त्यानंतर बंद झालेला नाही, सोनाली येईपर्यंत.

एक्केचाळीस वेळा.

फ्रीजचं दार खालून बोटांनी ओढता येतं. जमिनीवर पडलेल्या माणसालासुद्धा. मी आमच्या फ्रीजसमोर आडवं पडून बघितलं. आई घाबरली, म्हणाली काय झालं रे. काही नाही म्हटलं.

संध्याकाळी पाच

मागचा लॉगही बघितला. बघायचा नव्हता. रूल बदलला त्या दिवसापासूनचा. बारा मार्च, अकरा वाजून दोन मिनिटं: फ्रीज अडीच मिनिटं उघडा. साडेअकराला पुन्हा, तीन मिनिटं. बाराला पुन्हा, सहा मिनिटं. तेरा तारखेला चार वेळा. चौदाला होळीची सुट्टी, दीपमाला घरी, एकदाही नाही. सतराला दोनदा. अठराला, मी चहा न पिता परत आलो त्या दिवशी, सकाळी एकदा. एकोणीस ते तेवीस, काही नाही.

सेन्सरमध्ये कधीच बिघाड नव्हता. मी दोनदा पट्टी बदलली. झेरॉक्सवाल्याशी भांडलो.

दोन मिनिटांनी हिला कळणार, असं मीच सांगितलं होतं.

२८ मार्च, शुक्रवार

ऑपरेशन झालं. दुपारी दीपमाला औषधं आणायला खाली गेली होती, तेव्हा काकूंजवळ बसलो. तोंड सुकलेलं, आवाज बारीक. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "लाइन लागली नाही रे."

"काकू, मी बंद केली होती."

"ते कळलं मला. अठरा तारखेलाच कळलं. तू म्हणालास ना, दीपमालाला त्रास नको."

"मग सोमवारी कशाला... एक्केचाळीस वेळा उघडलात तुम्ही."

"एक्केचाळीस? मला वाटलं वीस-बावीस झाले असतील." हसायला गेल्या, दुखलं म्हणून थांबल्या. "म्हटलं, बंद असली लाइन तरी वाजवून बघावी. कधी कधी लागते. दुसरं करायला काय होतं मला?"

मी खाली बघत राहिलो. पलंगाखाली तिची पिशवी होती, दीपमालाची.

"मी तिला सांगतो सगळं," म्हटलं.

तेव्हा मात्र माझा हात धरला. बोटं थंडगार. "तुझं सांगायचं ते सांग. माझं नको. मी आधी मुद्दाम उघडायचे हे तिला कळायला नको, शंभू. ती म्हणाली होती फोन करू नकोस. मी केला नाही. तिनंच केला. एवढं तरी माझ्याकडे राहू दे."

"आणि मी आलो की दोन कप?"

"तू आलास की बरं वाटायचं. तू फॉल्ट शोधायचास, मी बघायचे."

दीपमाला औषधं घेऊन आली. म्हणाली, "नेटवाल्याशी बोललास का? कम्प्लेंट टाकली पाहिजे." मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा खोटं. आता तर मला कारणही मिळालंय: काकूंनीच सांगू नको म्हटलं. या कारणाआड जन्मभर बसता येईल. दीपमाला मला हाकलणार नाही. ती परत येऊन माझ्यासोबत स्टुलावर उभी राहील, नवा सेन्सर लावायला.

३० मार्च, रविवार, पाडवा

आईनं गुढी उभारली, कडुलिंबाची चटणी दिली. बाबा ओसरीवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. फ्रीज, रूल, एक्केचाळीस, नेट गेलं म्हणालो ते. काकूंचं गुपितही सांगितलं, कुणाला तरी सांगायला हवं होतं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"त्या पोरीले सांगितलं?"

"नाही."

"मंग मले काहून सांगून राहिला?"

आत गेले. मला वाटलं रागावले. पण पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले आणि माझ्यासमोर ठेवला. मग बाजारात निघाले. जाताना दाराशी थांबले, मेन स्विचकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आज तो वरच ठेवला.

५ एप्रिल, शनिवार

काकूंना घरी आणून तीन दिवस झाले. आज दुपारी गेलो. सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो, पण जिना चढता चढता दोनदा परत फिरलो. दुसऱ्या वेळी झेरॉक्सवाला दुकानातून बघत होता. म्हणाला, "कसं आहे आता काकूंचं?" मी सांगितलं. "वॉकर हवा असेल तर आमच्याकडे पडून आहे आईचा," म्हणाला. त्याच्यासमोर पुन्हा खाली उतरायची लाज वाटली, म्हणून वर गेलो.

दीपमाला शनिवार असूनही काम करत होती, लॅपटॉप आतल्या खोलीत. दार उघडायला तेवढी बाहेर आली. काकूंचा पलंग हॉलमध्ये आणलाय, तिथून स्वयंपाकघर दिसतं, फ्रीजही. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"दीपमाला, नेट गेलं नव्हतं."

"म्हणजे?"

"निरोप मी बंद केला होता. अकरा मार्चला, तू ओरडलीस त्या दिवशी. नऊनंतर फ्रीजचं काहीही तुझ्या फोनवर येणार नाही असं करून ठेवलं. तुला विचारलं नाही. पडल्या त्या दिवशी काकूंनी खालून एक्केचाळीस वेळा फ्रीज उघडला. सगळं नोंदलंय. हे बघ." फोन तिच्यासमोर धरला.

तिनं बघितलं. खाली सरकवत गेली. शेवटपर्यंत. मग म्हणाली, "पावणेबारापासून."

"हो."

"मी तेव्हा कॅन्टीनमध्ये होते. मोकळी होते मी." मग आवाज चढला. "तू मला तोंडावर सांगितलंस नेट गेलं! मी त्या नेटवाल्याला काय काय बोलले! आणि तो सेन्सर आधी खराब होता ना? रोज वाजायचा. तूच म्हणालास खराब आहे."

"खराब नव्हता."

"मग रोज का वाजायचा?"

काकूंकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. मी टीव्हीमागच्या डबीकडे बघितलं. "ते मला सांगता येणार नाही."

"सांगता येणार नाही? माझ्या आईचं हाड मोडलं, शंभू! आता तरी तुझा तो इगो..."

"दीपू." काकूंचा आवाज. "त्याला ओरडू नकोस. फ्रीज मी उघडा ठेवायचे."

"तू? कशाला?"

काकूंनी पांघरुणाची घडी सारखी केली. "तू फोन करायचीस," म्हणाल्या.

आतल्या खोलीत लॅपटॉपमधून कुणीतरी विचारत होतं, "दीपमाला, आर यू देअर? यू आर ऑन म्यूट." दोनदा विचारलं. ती गेली नाही. उभी होती तिथेच, पलंगाच्या कडेला, हळूच खाली बसली. आईच्या अंगाला धक्का लागणार नाही अशी. आईचा हात हातात घेतला नाही, नुसता आपला हात त्याच्या शेजारी ठेवला.

मग माझ्याकडे बघितलं. रडली नव्हती. "झालं तुझं सांगून?"

"हो."

"मग हे सगळं काढ आणि निघ. परत नको येऊस. मला तुझा चेहरा बघवणार नाही, निदान आत्ता."

मी पेचकस काढला. हॉलमधला डोळा काढला. भिंतीला चार भोकं राहिली. गॅसचा काढायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "तो राहू दे. आणि फ्रीजचा पण. आणि दाराचा."

"आई, कशाला आता? मी घरून काम मागणार आहे."

"मिळेल तेव्हा मिळेल. राहू दे."

दीपमाला खिडकीकडे बघत होती. "राहू दे," म्हणाली शेवटी.

मग मी डबीसमोर मांडी घालून बसलो आणि माझे सगळे रूल पुसले. नऊ वाजताचा, दोन मिनिटांचा, एक ते चारचा, सगळे. एकच लिहिला: फ्रीज उघडला की निरोप. लगेच. दिवसातून कितीही वेळा. दाराचंही तसंच, उघडलं की आणि बंद झालं की. निरोप फक्त दीपमालाच्या फोनवर. माझा फोन यादीतून काढला. डबी विचारते, नक्की काढायचं का. हो म्हटलं.

कागदावर लिहून दिलं, काही अडलं तर कुणाला दाखवायचं आणि पासवर्ड कसा बदलायचा. "शुभंकरला जमेल," म्हटलं. टोमणा म्हणून नाही. तिनं कागद घेतला, वाचला नाही.

काकूंना नमस्कार केला, पलंगाच्या कडेला वाकून. डोक्यावर हात ठेवला त्यांनी. "आज चहा राहिला तुझा," म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, फक्त मला ऐकू येईल असं: "तिचा राग जाईल तेव्हा ये. फॉल्ट नसला तरी ये."

मी ड्रिलची पिशवी उचलली. दीपमाला तशीच बसून होती, पाठ माझ्याकडे, वेणी सुटत आलेली. दोन महिने मनात घोकलेलं एक वाक्य होतं माझ्याकडे. ते तिथे बोलायचं नव्हतं, आणि दुसरीकडे कुठेही बोलायचं नाही आता.

दाराबाहेर चप्पल घातली. दार ओढून घेतलं, खटका पडेपर्यंत. आत तिचा फोन वाजला.